कुलपाला लागलेलं कुंकू

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वाचून हसतो. पिंपळावरची बाई, मागून येणारी पावलं, आपोआप उघडणारी दारं... माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी नळकाम करणारा माणूस. झाशीत सीपरी बाजारात माझं सॅनिटरीचं दुकान, आता मुलगा बघतो. आयुष्यभर मी एकच गोष्ट देवासारखी मानली — पाणी उताराकडे जातं. गिऱ्हाईक कितीही शपथा घेऊन सांगो की "भैयाजी, पानी अपने आप ऊपर चढ़ गया", मी ऐकून घ्यायचो आणि खाली कुठे फुटलंय ते शोधायचो. सापडायचंच.

एकदा मात्र सापडलं नाही.

माझी वहिनी नुकतीच गेली. ती असेपर्यंत हे लिहायचा मला धीर झाला नाही. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांच्या घरातलं आता झाशीत कुणी उरलेलं नाही. नावं मी बदलली आहेत. राग मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, त्याबद्दल संपादकांनी माफ करावं.

माझा थोरला भाऊ अण्णा ओव्हरसियर होता. आम्ही झाशीतले जुने मराठी. पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडण पेटलं की बुंदेली. तेव्हा वाफेची इंजिनं होती. लोको शेडच्या धुरानं वाळत घातलेली पांढरी धोतरं संध्याकाळपर्यंत करडी व्हायची. रुळांच्या पलीकडे, सीपरीच्या अंगाला, सखल जागेवर साहेबलोकांचा एक क्लब होता. त्या क्लबला स्विमिंग पूल हवा होता आणि तो बांधायचं काम अण्णाकडे आलं. आम्ही घरी त्याला हौदच म्हणायचो.

क्लबचे सेक्रेटरी बापूसाहेब. ते आपल्यातलेच. शहरात किल्ल्याच्या बाजूला खडकाचा चढ चढून गेलं की त्यांचं दगडी घर लागायचं. झाशीच्या मराठी मंडळीत शेवटचा शब्द त्यांचा असायचा, मग ती गणपतीची वर्गणी असो की कुणाची सोयरीक. हौदाचं सगळं सामान त्यांच्याच ताब्यात होतं.

अण्णाची एक खोड होती. पाइप तपासून पसंत केला की त्याच्या तोंडाशी छिन्नीनं तीन बारीक रेघा मारायचा. "ही माझी सही," म्हणायचा. हौदात पाणी भरायचा पाइप पायऱ्यांच्या खालून जाणार होता. तो टाकायच्या वेळेस नेमकी आमची ग्वाल्हेरची आत्या वारली आणि अण्णा तिकडे गेला. परत आला तेव्हा पाइपावर काँक्रीट पडलेलं होतं. बापूसाहेब म्हणाले, मोठे साहेब येणार होते, घाई होती, तुझाच पाइप टाकून घेतला. अण्णानं विश्वास ठेवला. न ठेवून सांगतो कुणाला?

पहिल्याच उन्हाळ्यात हौद गळायला लागला. रोज पाणी भरायचं आणि रोज ते उतरायचं. झाशीचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. चैत्र लागला की नळाखाली घागरींची रांग पहाटेपासून असते, आणि इकडे साहेबांचा हौद पाणी पीत सुटलेला. लोक अण्णाला रस्त्यात ऐकवायचे. "बाबूजी, पूरे मोहल्ले का पानी पी गया तुम्हारा हौद." बापूसाहेबांनी कमिटीपुढे सांगितलं, ओव्हरसियरनं काम कच्चं केलं. अण्णाचं काम गेलं. शहरात त्याचं नाव पडलं चाळणीवाला.

"पाइप नवा होता रे मधू," एवढंच तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. जेवायला बसला की घास हातातच राहायचा. असाच झिजून गेला.

तेराव्याला बापूसाहेब आले. पंगतीत बसले, जिलबी मागून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काम कच्चं असेल, पण माणूस चांगला होता."

वहिनी दाराआड उभी होती. त्या दिवशी ती रडली नाही. मंडळी उठल्यावर आपल्या पानातलं मीठ तिनं बोटानं बाहेर सारलं आणि मला म्हणाली, "भाऊजी, ज्या तोंडानं बोलले त्याच तोंडानं परत घेतील. तोवर मी अळणी खाणार." तिचा कुंकवाचा करंडा तिनं पेटीत तळाशी ठेवून दिला होता. मीठही त्याच दिवशी गेलं. वरण अळणी, भाजी अळणी, लोणच्याला हात नाही. मी समोर बसून मिठाचं जेवायचो आणि मला घास गोड लागत नसे. बापूसाहेबांना मी तेव्हापासून पाण्यात पाहायला लागलो. रस्त्यात दिसले की हात जोडायचो आणि मनात म्हणायचो, एक दिवस येईल.

तो दिवस यायला काही वर्षं गेली.

क्लबात नवे साहेब अध्यक्ष म्हणून आले. त्यांना हौद चालू करायचा होता. बापूसाहेबांचं म्हणणं, नको त्या भानगडी, मातीनं बुजवून टाकू आणि वर गुलाब लावू. मातीचे ट्रकसुद्धा सांगून झाले होते. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हौद बुजला की अण्णावरचा ठपका कायमचा चिकटला, मग तो कुणाच्या बापाला पुसता येणार नव्हता. मी सायकल काढली, थेट साहेबांच्या बंगल्यावर गेलो आणि म्हणालो, साहेब, माती टाकायच्या आधी मला एकदा बघू द्या. साहेब म्हणाले, "रविवार को ट्रक आएँगे. तब तक देख लो."

माझ्याबरोबर हल्के नावाचा गवंडी होता, बुंदेलखंडी माणूस, माझ्याहून वयानं मोठा. आम्ही हौद भरून घेतला. पहिली परीक्षा बालदीची — बालदी पाण्यानं भरायची, आत वीट ठेवून हौदाच्या पायरीवर बसवायची, आणि बालदीतल्या नि हौदातल्या पाण्याला खडूनं खूण करायची. उन्हानं जेवढं उडायचं तेवढं दोन्हीकडून सारखंच उडतं. बालदीतलं बोटभर उतरलं, हौदातलं वीतभर. म्हणजे गळती खरीच.

पण एक गोष्ट मला कळेना. एवढं पाणी जातं तर जवळपास ओल हवी, गवत हवं, चिखल हवा. हौदाभोवतीची जमीन भाकरीसारखी कडक होती. लिंबाचं एक झाड होतं, तेही वाळलेलं. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण म्हणतो, इथे तर ते कुठेच मुरत नव्हतं.

मग रंगाची परीक्षा. पाणी स्थिर झालं की संशयाच्या जागेपाशी रंग हलकेच सोडायचा. चीर असेल तर रंग आत ओढला जातो. मी विहिरीत टाकतात ते लाल औषध वापरलं. पण बाजूच्या रुळांवर मालगाडीचं शंटिंग चालू झालं की सगळा हौद थरथरायचा आणि रंग पसरून जायचा. दुपारपर्यंत अख्खं पाणी जांभळट झालं आणि मी अण्णासकट सगळ्यांवर चिडलो होतो. ते पाणी उपसून पुन्हा भरायला आणखी एक दिवस गेला.

तो भरून झाला त्या दुपारी वहिनी माझा डबा घेऊन आली. घराला कुलूप लावून, रुळांवरचा पूल ओलांडून, एवढ्या उन्हात चालत. ती हौदापाशी पहिल्यांदाच येत होती. तिनं पाण्याकडे बघितलं आणि पदराआडून करंडा काढला. चांदीचा, तिच्या लग्नातला.

"हे वापरा," ती म्हणाली.

"वहिनी, अहो हे कुंकू आहे."

"माहीत आहे मला. त्यांच्या नावाचं आहे. माझ्या काही उपयोगाचं नाही आता. त्यांच्या तरी असू दे."

ते आमच्या आईनं केलेलं कुंकू होतं, हळदीचं, थोडा कापूर घातलेलं. झाकण उघडताच तो वास आला. वहिनी पायरीवर बसली, ओंजळीत पाणी घेतलं, त्यात कुंकू कालवलं आणि हात पाण्याखाली नेऊन उघडला.

त्याच वेळी रुळांवर गाडी निघाली. हौद थरथरायला लागला. मी मनात म्हटलं, गेलं हेही पसरून.

ते पसरलं नाही. कुंकवाची एक बारीक लाल धार झाली आणि ती पायऱ्यांच्या कडेनं खाली चालू लागली. ओळखीच्या घरी निघालेली बाई चालते ना, घाई नाही, थांबणं नाही, तशी. पायऱ्यांच्या बुडाशी, जिथे भरायच्या पाइपाचं तोंड होतं, तिथे ती आत शिरली. शेवटच्या कणापर्यंत. वहिनीच्या बोटांना चिकटलेलंसुद्धा सुटून गेलं.

हल्केनं पागोट्याला हात लावला. "भैया, जो रंग तो अपने मन सें जा रओ."

रंग आपल्या मनानं जातोय म्हणे! मी त्याला गप्प केलं. पाइपात ओढ आहे, म्हणून रंग गेला. माझ्याकडे तेव्हा उत्तर होतं.

वहिनीला घेऊन घरी आलो तर आमच्या दाराच्या कुलपावर ओला डाग. पिवळट, लालसर, पुसल्यासारखा. शेजारच्या चाचींनी खिडकीतून हाक मारली. "अरे मधू, बापूसाहब के यहाँ की यमुनाबाई आई थीं. तुम्हारी भाभी के निकलते ही ताले पे हल्दी-कुंकू लगा गईं, और थोड़ी देर में गीला कपड़ा लेके पोंछ गईं. बोलीं, गलती हो गई."

आता हे नीट सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. झाशीतल्या मराठी बायकांचा तो मोठा सण. बोलावणं करायला बाई घरोघरी जाते आणि घर बंद असेल तर कुलपालाच हळदीकुंकू लावून येते. ते लागलं की बोलावणं पोचलं. यमुनाबाई त्यांची जुनी स्वयंपाकीण. बिचारीचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीनं आमच्या कुलपाकडे गेला. विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत — का, ते मला विचारू नका, मला आजही त्याची चीडच येते. पण नाही बोलावलं एवढ्यावर भागत होतं. माईसाहेबांनी, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नीनं, ते बोलावणं भर दुपारी, गल्लीदेखत पुसायला पाठवलं.

माझ्या अंगाची लाही झाली. मी सायकल वळवली. दगड घेऊन जाणार होतो, खोटं कशाला सांगू.

वहिनीनं कॅरियर धरलं. "थांबा." ती कुलपाजवळ वाकली, किल्लीच्या भोकात बघितलं. "सगळं पुसलं गेलेलं नाही. आत राहिलंय." आणि ती हसली. अण्णा गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. "आलेलं बोलावणं पुसून परत जात नसतं, भाऊजी. चला, जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी मी आणि हल्केनं हौदाच्या बाहेरून, पायऱ्यांच्या शेजारी, खणायला घेतलं. काँक्रीट फोडता फोडता दुपार उलटली. पाइप लागला. मी त्यावरची माती झटकली आणि तिथेच बसलो.

तो गंजून खपल्या धरलेला, भंगारातला पाइप होता. नखानं दाबलं तर भोक पडावं असा, आणि भोकं तर पडलेलीच होती. तोंड मोकळं केलं, रेघा शोधल्या. एकही नव्हती. अण्णाचा पाइप तिथे कधी गेलाच नव्हता.

माझ्या तोंडून ज्या शिव्या निघाल्या त्या छापता येणार नाहीत. पण हल्के भलतीकडेच बघत होता. त्यानं पाइपाखालची माती मुठीत घेतली आणि माझ्यासमोर उघडली. कोरडी. भुरभुरीत. हौद काठोकाठ भरलेला, पाइपाला भोकं, हौदातलं पाणी सकाळपासून उतरतंय, आणि बाहेर थेंब नाही!

"तो पानी जा कितै रओ, भैया?"

पाणी जातंय कुठे, ते बघायला मी पुन्हा वाकलो, तोच फाटकातून बापूसाहेबांचा गडी किसना सायकल हाणत आला. "मधुकर भैया, जल्दी चलो! आँगन में लाल पानी आ रहा है, बंद ही नहीं होता. माईसाहब ने कहा, जो नलवाला मिले पकड़ लाओ."

मी त्याला थांब म्हटलं आणि पहिल्यांदा चहा प्यायलो. सावकाश. मग पाने घेतले, पहार घेतली, आणि निघालो.

सीपरीचा पूल ओलांडायचा, शहरात शिरायचं, मग बापूसाहेबांचा चढ. तो चढताना मला एक गोष्ट आठवली. ज्या उन्हाळ्यात हौद झाला त्याच उन्हाळ्यात बापूसाहेबांनी अंगणात नवा नळ घेतला होता. गच्चीवर टाकी, तिथून खाली पाइप. आम्ही सगळे बघायला गेलो होतो, अण्णासुद्धा. आणि तेव्हापासून सगळं शहर वाळलं तरी त्यांच्या अंगणातला मोगरा हिरवागार असायचा, भिंतींना ओल असायची. माईसाहेब तक्रार करायच्या की पापडांना बुरशी येते. खडकावरच्या घरात ओल येते कुठून, हा प्रश्न मी नळवाला असून कधी विचारला नव्हता.

अंगणात बायकाच बायका. नवी लुगडी, गजरे, सगळ्या ओट्यावर चढून निऱ्या वर धरून उभ्या. नळ कचकचून बंद केलेला, तरी त्याच्या तोंडातून लाल पाणी पडत होतं. फरशीच्या सांध्यांतूनही वर येत होतं. आणि ते मोरीकडे जात नव्हतं, मंडळी. मोरी उतारावर होती. पाणी उलट्या अंगाला, पायऱ्या चढून पडवीत गेलं होतं, जिथे गौर मांडली होती. गौरीपुढे बायकांसाठी पाट घातलेले होते. त्यातल्या गौरीच्या अगदी जवळच्या एका रिकाम्या पाटाभोवती ते जाऊन थांबलं होतं.

"कुंकूच आहे हो हे," कुणीतरी कुजबुजलं.

मला सांगायची गरज नव्हती. कापराचा वास मी दारातच ओळखला होता.

तरी मी माझं काम केलं. गच्चीवर गेलो. टाकी बघितली, पाणी आरशासारखं स्वच्छ. टाकीचा कॉक बंद केला. खाली आलो, नळ वाहतोच आहे. त्या टाकीत पाणी घरच्या विहिरीतून चढवायचे. सीपरीचा, क्लबचा, रुळांपलीकडचा कशाचाही त्या पाइपाशी संबंध नव्हता. मध्ये पूल, रूळ, बाजार आणि अख्खा चढ.

"फरशी उखडावी लागेल," मी म्हणालो. "पाइप बघायला हवा."

बापूसाहेब तोवर पांढऱ्या भिंतीसारखे उभे होते. ते एकदम पुढे आले. "नको. तिथे नको खणू. राहू दे, आपोआप थांबेल."

त्यांचा तो चेहरा मला आजही आठवतो आणि आजही बरं वाटतं. मी पहार खांद्यावर टाकली. "बरं. मग वाहू दे. येतो मी." आणि दाराकडे वळलो.

मागून माईसाहेब किंचाळल्या, "खणा हो मधूभाऊजी! यांचं काय ऐकता?"

मी खणलं. फरशीचा पहिलाच दगड उचलला, खाली पाइप. इतक्या वर्षांनीही चांगला जाड, नव्यासारखा. पान्यानं जोड सोडवला, तोंडावरची माती अंगठ्यानं पुसली. तीन बारीक रेघा.

मी पाइपाचं ते टोक वर उचलून धरलं. पाणी माझ्या हातावरून वाहत होतं.

"बापूसाहेब, हा पाइप कुणाचा?"

ते एक पाऊल मागे सरकले.

"सगळ्या बायका उभ्या आहेत. सांगा. कुणाचा?"

"क्लबचा," ते म्हणाले.

"कुणी तपासलेला?"

"अण्णानं."

"आणि हौदात काय टाकलंत?"

माईसाहेब त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना ठाऊक नव्हतं, एवढं मी देवाशपथ सांगेन. बापूसाहेबांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. "जुना... भंगारातला."

"मग काम कच्चं कुणाचं होतं?"

पाणी वाहत होतं. शेवटी ते म्हणाले, आणि मोठ्यानं म्हणाले, जसे त्या पंगतीत म्हणाले होते, "अण्णाचं काम पक्कं होतं. मी खोटं बोललो."

नळ थांबला. ठिबकणंसुद्धा नाही. फरशीवरचं पाणी मात्र आता साध्या पाण्यासारखं वागायला लागलं, पायऱ्या उतरून मुकाट्यानं मोरीकडे निघालं.

मी तो सगळा पाइप त्याच संध्याकाळी उखडला. बापूसाहेबांना विचारलं नाही. किसनाकडून हातगाडी आणवली आणि दिवसाउजेडी बाजाराच्या मधून, रेघा दिसतील अशी तोंडं पुढे काढून, ती हळूहळू सीपरीला नेली. जो विचारी त्याला थांबून सांगितलं. चाळणीवाला हे नाव त्या दिवशी एका घरावरून उठलं आणि चढ चढून दुसऱ्या घराला चिकटलं. करावं तसं भरावं. बापूसाहेबांनी पुढे सेक्रेटरीपण सोडलं, शहरही सोडलं. मला एवढंसुद्धा वाईट वाटलं नाही.

हौदापाशी पोचलो तर हल्के गुडघाभर चिखलात उभा. म्हणाला, तुम्ही गेलात, बराच वेळ काही नव्हतं, आणि मग एकाएकी त्या गंजक्या पाइपाच्या भोकाभोकांतून पाणी फुटलं. उताराकडे जाणारं, साधं, नेहमीचं पाणी. आम्ही अण्णाचा पाइप त्याच्या जागी बसवला, जोडांना सफेदा आणि ताग लावून. शनिवारी साहेबांनी स्वतः बालदीपाशी उकिडवं बसून खुणा बघितल्या. बालदीपेक्षा हौद केसभरही जास्त उतरला नव्हता. ट्रक परत पाठवले.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात पानं वाढत होती. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. बघतो तर तिच्या पानात डाव्या कोपऱ्यात मीठ वाढलेलं.

"वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगायचंय? हातपाय धुवा, चिखल आहे."

मी पुढे काही विचारलं नाही. गल्लीतून बातमी आली असेल म्हटलं. झाशीत बातमीला पाय लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईसाहेब आल्या. एकट्या, पायी. हातात नारळ. दारातच उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. "मला माहीत नव्हतं हो. कुलूप पुसायला मीच पाठवलं, ते पाप माझं. आज तुम्हाला बोलवायला आले आहे. कुणी काही म्हणो. घरी या."

वहिनीनं त्यांना आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. नारळ मात्र घेतला नाही.

"आता बोलावणं कशाला?" ती म्हणाली. "मी येऊन गेले की."

माईसाहेबांनी पाण्याचं भांडं हातात घेतलं.

"तुमची आंब्याची डाळ खारट झाली होती. म्हटलं, इतक्या वर्षांनी मीठ तोंडाला लागतंय, म्हणून मलाच जास्त लागलं की काय."

माईसाहेबांच्या हातातलं भांडं खाली पडलं. मी तिथेच होतो; मी त्यांचा चेहरा पाहिला. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि दाराचा आधार घेत घेत गेल्या. मी चढापर्यंत त्यांना पोचवायला गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं. बायकांना डाळ द्यायच्या आधीच अंगणात पाणी आलं होतं. कुणालाही वाढली गेली नाही. सगळ्या गेल्यावर, रात्री, पातेलं रिकामं करताना त्यांनी एकटीनं बोटानं चाखून बघितली होती आणि तशीच गाईला घातली होती. यमुनाबाईंनी घाईत दोनदा मीठ टाकलं होतं.

मी वहिनीला पुढे अनेकदा विचारलं. ती दर वेळी म्हणायची, "मी तर दुपारभर घरीच होते, गहू निवडत होते. चाचींना विचारा." चाचींना विचारलं. त्याही म्हणाल्या, घरीच होती, खिडकीतून दिसत होती.

झाशीत एखादी गोष्ट कळली नाही की लोक किल्ल्याचं भुयार काढतात. मलाही पुष्कळांनी ते सांगितलं. भुयारातून पाणी आलं असेल, मानतो. चढ कसं चढलं, ते सांगा. बंद नळातून कसं पडलं, ते सांगा. आणि डाळ? मी सगळं आयुष्य पाइपांत घालवलं, यातलं एकही मला उलगडलेलं नाही.

वहिनी गेली त्या दिवशी घर बंद करून निघताना मी तेच जुनं कुलूप लावलं. किल्ली आत जाईना. काडीनं भोक साफ केलं, तर काडीच्या टोकाला लाल लागलं. ओलं होतं.